बाथरूमच्या दिव्याची तक्रार

३ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक गाऱ्हाणे.

फोन लावला की बाबा शेजारी येऊन बसतात, म्हणून हा पत्रप्रपंच. आमच्या बाथरूममधला दिवा लुकलुकतो. आंघोळ करून बाहेर आले, की टॉवेल वाळत घालण्याआधी बाबा तेच ऐकवतात. मी बल्ब बदलला, होल्डर बदलला, शेवटी स्विचही बदलला. वायरमनने सगळ्या जोडण्या तपासून त्या निर्दोष असल्याचे सांगितले, तर बाबांनी त्याला त्याचे शिक्षण विचारले. तो आता आमचा फोन उचलत नाही. दिवा मात्र, बाबांच्या म्हणण्यानुसार, लुकलुकतोच आहे, आणि तोही उजव्या कोपऱ्यात अधिक. काल त्या लुकलुकाटात पाय सरकून त्यांचे डोके नळावर आपटता आपटता वाचले. निदान कडी लावू नका म्हटले, तर आंघोळ तरी माझी मला करू द्या, असे म्हणून त्यांनी मला गप्प केले. माझी सहनशक्ती संपली आहे. येत्या आठवड्यात भिंत फोडून संपूर्ण वायरिंग नव्याने करावी, या निर्णयाप्रत मी आलो आहे.

माया पूर्ववत असू दे. सल्ला मात्र विचारपूर्वक द्यावास.
तुझा दादा

९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू थांबले. दादा, तो दिवा लुकलुकताना तू स्वतः पाहिलास का रे? तुझ्या पत्रात होल्डर आहे, स्विच आहे, बिचारा वायरमनही आहे. पण तुझे डोळे कुठेच नाहीत. आपल्या घराची रीत मी विसरलेले नाही. बाबा कडक ऊन आहे म्हणाले, की भर पावसात आपण टोप्या घालून निघायचो. आईने कधी नाही म्हटले नाही, आता वहिनी म्हणत नाही. आणि एवढा हिशेबी माणूस तू, गोल बल्बला उजवा कोपरा कुठून आला, हे तुला विचारावेसे वाटले नाही? भिंत फोडण्याआधी एकदा आत जाऊन उभा राहा.

राग मानू नये. मानलाच तर लवकर सोडावा.
तुझी धाकटी

१८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न मला फार झोंबला, म्हणूनच मी बाथरूमचे दार लावून आत स्टुलावर बसलो. बराच वेळ बाहेर आलो नाही, तेव्हा तुझ्या वहिनीने बाहेरून प्रकृती विचारली. दिवा एकदाही लुकलुकला नाही. तिला विचारले, तर तिने तो लुकलुकताना कधीच पाहिला नव्हता. मी बल्ब बदलतो आहे, त्या अर्थी मी पाहिला असेल, असे ती समजत होती. आणि मी बदलत होतो, कारण बाबांच्या तक्रारीला तिने मान डोलावली होती!

बाबांना त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तो लुकलुकाट घरात इतरांनाही दिसतो का, असे डॉक्टरांनी विचारताच, सगळ्या घराला दिसतो, हवे तर याला विचारा, असे बाबा मोठ्या रुबाबात म्हणाले. आजवर त्या माणसाला मी तोंडावर कधीही नाही म्हटले नव्हते. मी म्हटले, नाही बाबा, आमच्यापैकी कोणालाच दिसलेला नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग स्वतः चष्मा काढून त्यांनी डॉक्टरांच्या तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवली.

उजव्या डोळ्याचा पडदा फाटू लागला होता. ते लखलखणे डोळ्यातलेच. बाथरूम अंधारी, म्हणून तिथे ते जाणवायचे. लगेच लेझर केले आणि दृष्टी वाचली. आठवडाभर उशीर झाला असता, तर डॉक्टरांनी खात्री दिली नसती. आणि तो आठवडा मी भिंत फोडण्यात घालवणार होतो.

 घरी परतल्यावर आम्हा दोघांना समोर बसवून, तुम्ही मला आणखी कशाकशाला हो म्हणत आला आहात, असे त्यांनी विचारले. तुझ्या वहिनीने त्यांच्या आंघोळीतल्या गाण्यापासून सुरुवात केली. दोन दिवस झाले, ती अजून सांगतेच आहे, आणि ते कपाळाला आठ्या घालून, पण ऐकत आहेत. तुझ्या वाटणीचे तू समक्ष येऊन सांगावेस, असा त्यांचा निरोप आहे. लवकर निघावे.

तुझा, आणि सध्या त्यांच्या नजरेला नजर न देणारा,
दादा