भावाचं चालणं

४ मार्च

ती. ताईस सा. न., पाय वाकेल तेवढा वाकून.

तुमचा व्हिडिओगेम बाजारात आला ही बातमी मला फ्रेमवाल्याकडून कळावी? तो पुढे चष्म्याच्या फ्रेमा बसवतो, मी मागच्या खोलीत काचा घासतो, आणि दिवसभर त्याच्या तोंडाला विश्रांती नसते. मी त्याला ऐटीत सांगून टाकलं की त्यात लढाईवरून घरी परतणारा जो म्हातारा सैनिक आहे, तो माझं चालणं चालतो. आता सगळं दुकान माझ्या मागे लागलंय.

त्या दिवसाची अजून मजा वाटते. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, त्यावर डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरे गोळे, चारी बाजूंना चाल टिपणारे कॅमेरे, आणि रिकाम्या हॉलमध्ये तू मला बावीस फेऱ्या मारायला लावल्यास. सारखी म्हणत होतीस, नेहमीसारखा चाल. ताई, नीट चाल असं मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलंय. नेहमीसारखा चाल असं कोणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी बायकोला हे दोनदा ऐकवलं.

आमच्या ठकीने तर आख्ख्या तिसरीच्या वर्गात दवंडी पिटली आहे. गेमची एक प्रत पाठव. फोनवर विचारलं की तू हसून विषय बदलतेस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

लोभ आहेच, पण प्रत आली तर दुप्पट होईल.

तुझा,
गुंड्या


११ मार्च

चि. गुंड्यास अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच गिचमिड, वाचायला तुझ्याच दुकानातला चष्मा लागेल.

अरे, तो गेम लहान मुलांसाठी नाही. ठकीला मुळीच दाखवू नकोस. शिवाय तो फार लांबलचक आहे आणि सैनिक अगदी शेवटी येतो. बहुतेकांचा धीर त्याआधीच सुटतो. तुमच्या कॉम्प्युटरवर तो चालायचाही नाही. उगाच कशाला डोक्याला ताप? मी येईन तेव्हा तेवढाच भाग दाखवीन.

इथे कामाचा डोंगर आहे. तुझ्या बायकोची सर्दी गेली का? नवीन बुटाची टाच पुन्हा एका बाजूने झिजली असेल तर वेळेवर बदल, आळस करू नकोस.

ठकीला खूप पापे. माझ्यावर राग धरू नये, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


२० मार्च

ताईस नमस्कार.

फ्रेमवाल्याने गेम स्वतःच विकत घेतला. काल जेवणाच्या सुट्टीत दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावला. आम्ही सहाजण डबे तसेच ठेवून भोवती जमलो. मला खुर्ची दिली होती.

दोनशे वर्षांनंतरची गोष्ट आहे, हे तुला मी काय सांगणार. सगळ्यांच्या डोक्यात यंत्र बसवलेलं. ते बिघडलं की आतला माणूस संपतो आणि नुसतं शरीर चालत राहतं. त्यांना तुम्ही 'रिकामे' म्हणता. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात: ही माणसं नाहीत. दया दाखवू नका. मग गल्लीच्या टोकाकडून ते येतात, तीस-चाळीस तरी असतील. प्रत्येकाचा डावा पाय कमरेपासून बाहेर फेकला जातो. दर तिसऱ्या पावलाला प्रत्येकाचा हात मांडीवर टेकतो.

फ्रेमवाल्याने चौघांना गोळ्या घातल्या आणि पाचव्याला त्याचा हात थांबला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मालकीणबाई उठून धुतलेले कप पुन्हा धुवायला लागल्या. मी आत गेलो आणि काच न लावताच घासायचं यंत्र चालू करून उभा राहिलो.

सैनिक कुठे आहे तेवढं कळव.

गुंड्या


२६ मार्च

गुंड्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलवत नाही.

सैनिक नाही. नव्हताच. तू येणार नाहीस या भीतीने मी तो बनवून सांगितला.

पूर्ण खरं सांगते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. बैठकीत आमचे साहेब म्हणाले होते की चाल खऱ्या माणसाचीच हवी, पण बघताक्षणी माणूस वाटता कामा नये. सगळे विचारात पडले होते. कोणी माझं नाव घेतलं नव्हतं, कोणी गळ घातली नव्हती. मी आपणहून म्हणाले की माझा भाऊ आहे. एका क्षणात म्हणाले रे. त्यावर माझी वाहवा झाली आणि मला ती आवडली. तू फेऱ्या मारत होतास तेव्हा काचेमागे लोक माना डोलावत होते, आणि मी तुला हात करत होते. मला माझीच किळस येते.

परवा साहेबांशी भांडले. ते म्हणतात, ज्याची चाल आहे त्याने लेखी हरकत घेतली तर पुढच्या दुरुस्तीत ती काढून दुसरी घालू. सोबत फॉर्म आहे. फक्त सही कर. तू सही केलीस तर निदान एवढं तरी माझ्या हातून पुसलं जाईल.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

ताई


७ एप्रिल

ती. ताईस सा. न.

फॉर्म परत पाठवतोय. सही केलेली नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी फ्रेमवाल्याकडून गेम मागून आणला आणि रविवारी सकाळी घरी लावला. नीट पाहून मग सही करावी, एवढाच विचार होता. पहिली गोळी चुकून सुटली. दुसरी मी झाडली. मग थांबलोच नाही. मुद्दाम पायावर नेम धरत होतो, डाव्या. सगळी गल्ली आडवी केली आणि खरं सांगतो, बरं वाटलं. ज्या पायाने मला लहानपणापासून छळलं, त्याला कधी नव्हे तो धडा शिकवला असं वाटलं. मान वळवली तर ठकी दारात उभी होती.

ती आत आली. मला बाजूला सरकवून स्वतः बसली. ते गल्लीत आले तशी तिने बंदूक खाली केली. ते तिच्या अंगावर आले, ती मेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंदूक खाली, पुन्हा मेली. मी तिला म्हटलं की असं केलंस तर पुढे जाताच येणार नाही. ती म्हणाली की त्यांचा पाय दुखतोय, दिसत नाही का. ताई, मला तिच्याकडे बघवेना.

आता तूच सांग, सही कशी करू? एकदा मारून झालंय, वर पुसून टाका असं लिहून द्यायला हात धजत नाही. तुला जे पुसायचं आहे ते माझ्या सहीने पुसलं जाणार नाही. मला तुझा राग आहे. तो जाईल की नाही, आज सांगता येत नाही.

पण तू ये. हे कोणी केलं ते मी ठकीला सांगितलेलं नाही, ते तू सांगायचंस. तिला वाटतं, तुझ्या कचेरीतल्या कोणीतरी तुझ्या नकळत बाबाचं चालणं चोरलं. तिने मला बजावलंय की आत्याला यातलं एक अक्षर कळवायचं नाही, तिला फार वाईट वाटेल.

तुझा,
गुंड्या