पोरीची पात

माय,

तुला वाचता येत नव्हतं आन् मला धड लिहिता येत न्हाई, म्हणजे जोडी बराबर जमली. तुझी नात, जिला तू कधी बघितलंच न्हाई, ती संभाजीनगरला विद्यापीठात शिकते, होस्टेलवर राहते. दिवाळीला आल्ती, ती परत गेलीच न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली. केस विंचरायचे न्हाईत, मोबाईल वाजला तर पालथा करून ठेवायचा. काय झालं गं, म्हणलं की, "काही नाही, थकलेय." मला राग आला. म्हणले, "थकायला तू काय डोंगर फोडून राह्यली का?" ती उठली, दोन भांडी घासली आन् तिसरं हातात धरून मोरीपाशी नुसती उभी राहिली. नळ चालू, पाणी वाहून चाललेलं. तवा मला पहिल्यांदा भ्या वाटलं.

मंग मी तुझंच केलं. आपण केदारखेड्याच्या शिवारात खुरपायला जायचो. बाया ओळीनं बसायच्या, जिची तिची पात ठरलेली, आपल्या पातीतलं गवत आपण काढायचं. आबा गेले त्या पावसाळ्यात माझं खुरपं चालायचंच न्हाई. बाया पुढं निघून जायच्या, मी मागं एकटी. तू आपली पात खुरपता खुरपता माझी अर्धी ओढून घ्यायचीस. मालकीण ओरडली, "मजुरी पोरीला आन् काम आईनं करायचं व्हय?" तू म्हणालीस, "रान साफ झाल्याशी मतलब ठेव ना, बाई." मी अजून बघते, बांगड्या नसलेला तुझा हात माझ्या पातीत येतो, गवत उपटतो, मागं जातो. एका शब्दानं मला विचारलं न्हाईस. लई गोड वाटायचं मला ते. अजून वाटतं.

म्हणून मी पोरीची पात ओढली. तिचे कपडे धुतले, ताट खोलीत नेऊन दिलं, तिच्या मॅडमला फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं. पोरगी गप खायची, गप पडायची. एक दिवस मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, तर म्हणाली, "आई, तू माझं सगळं करतेस. विचारत मात्र काहीच नाहीस."

"रोज तर विचारते."

"तू काय झालं म्हणतेस, मी काही नाही म्हणते, आणि तू सुटल्यासारखी उठतेस. मी बघते ना तुझं तोंड."

माय, थोबाडीत बसल्यासारखं झालं, कारण खरं होतं. मी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हणले, "सांग. आता उठत न्हाई." आन् ती बोलली. वर्गात बसलं की सर काय बोलतात ते लांबून आल्यासारखं वाटतं. पुस्तक उघडायला अंगात जीव राहत न्हाई. मैत्रिणींत हसायचं आन् खोलीत आलं की तेवढ्या हसण्यानंच गळून जायचं. सकाळी जाग आलीच न्हाई तर बरं, असं लई वेळा वाटलं म्हणाली. ऐकताना मला दूध उतू चाललं म्हणत उठून पळावं वाटलं. गॅस बंद होता. बसून राहिले. तिचा हात धरून ठेवला, ती सोड म्हणाली तरी.

दुसऱ्या दिवशी तिला जालन्याला दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरबाईकडं. आता गोळ्या चालू आहेत, बोलायलाही बोलावतात. येताना एसटीत म्हणाली, "आजी कशी होती गं?" मी म्हणले, "माझ्यासारखीच, फक्त कमी बोलायची." "तुझ्याहून कमी? तू तर दिवसभर ओरडतेस." "ओरडणं येगळं," म्हणले, तर हसली. तेवढ्या हसण्यावर मी घरापर्यंत आले. तुझ्यावर राग न्हाई माय, बिलकुल न्हाई. पण आबा गेले तवा तुझ्या मनात काय चाललं होतं, हे आता कोणाला विचारू?

हे तुझ्यापर्यंत येणार न्हाई, म्हणून एक सांगून टाकते. कापूस वेचायच्या बाया विचारायल्या, पोरगी काहून घरी बसली? माझ्या तोंडून निघून गेलं, कावीळ झाली. कावीळ म्हणलं की पुढं कोणी विचारत न्हाई, पण इलाज घेऊन येतात. कोणी उसाचा रस आणला, कोणी फुटाणे, एकीनं भोकरदनहून झाडपाल्याचं काहीतरी आणलं, ते मी गुपचूप उकिरड्यावर ओतलं. पोरगी रस पिते, वरचा ओठ पुसते आन् म्हणते, "आई, सांग ना आता त्यांना खरं." सांगते म्हणले. आज सकाळी रस आणणाऱ्या शेजारच्या काकूनं दारातूनच विचारलं, "उतरली का गं कावीळ?" पोरगी उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघून राह्यली. मी तोंड उघडलं, सांगणारच होते.

"उतरतीय, काकू," म्हणले. "रस मात्र चालू ठेवा."