वजाबाकीची बस

शनिवार, १४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चाचणीच्या आधीच पोचलं होतं, उत्तराला उशीर झाला. इकडे सगळं ठीक आहे. तुझी कंबर कशी आहे? दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसायचं आणि रात्री बायकोकडून शेक घेताना गादीला नावं ठेवायची, हे तुझं अजून चालूच असेल. गादी बदलू नकोस, बिचारीचा काही दोष नाही. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का, तेही कळव. माझं म्हणशील तर केस पिकले, जीभ अजून हिरवी आहे.

तुझी लेक बरी उंच झालीय. तू शिवून पाठवलेल्या गणवेशाची शिवण सोडून मी दोनदा खाली घेतली, आता सोडायला कापड उरलेलं नाही. बाकी ती होती तशीच. ‘निवांत’ हे नाव तूच ठेवलंस तिला, सगळी मुलं धावायला लागली तरी ही चालायचं की नाही याचा विचार करत बसली होती म्हणून. नाव बरोबर निघालं. सकाळी बुटाची नाडी बांधायला बसते तेव्हा मी दोन कप चहा पिऊन घेते. आत्या म्हणून मला तिचा राग येत नाही. शिक्षिका म्हणून येतो, पण शिक्षिकेला मी घरी आल्यावर चपलांबरोबर बाहेरच ठेवते.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ टाकलीयस: ‘नववीच्या चाचणीचा निकाल कळव. पास असेल तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर सुट्टी लागली की घेऊन जातो, दुकानात हात कमी पडतायत.’ त्या ओळीकडे येते. आधी शाळेची खबर देते, कारण एकीतून दुसरी निघते.

आमची शाळा सरकारी आहे हे तुला माहीत आहेच. म्हणजे छत गळतं आणि गळतं हे कळवणारे अर्ज मात्र कोरडे राहतात. दरवर्षी सगळ्या सरकारी शाळांतल्या नववीची एकच चाचणी एकाच दिवशी होते. सकाळी भाषा, दुपारी गणित. चार उत्तरांपैकी एक निवडायचं आणि त्याच्यापुढचा गोल काळा करायचा. हे काळे गोल यंत्र तपासतं. मग प्रत्येक शाळेची सरासरी काढून भिंतीवर लावतात. लागोपाठ दोन वर्षं जी शाळा तळाला, तिला कुलूप; मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत. त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात. आमच्या निम्म्या मुलींचे बाप त्यांना तो ओलांडू देणार नाहीत, हे मला माहीत आहे आणि मुख्याध्यापकांनाही.

मुख्याध्यापकांना आम्ही पाठीमागे ‘सरासरी’ म्हणतो. माणूस वाईट नाही. शिपाई नसला तर स्वतः घंटा वाजवतो. पण त्याला विचारावं, ‘सर, घरचे कसे आहेत?’ तर तो मनात बेरीज करून भागाकार करतो आणि म्हणतो, ‘एकंदरीत बरे.’

तर या सरासरींनी काही वर्षांपूर्वी एक सहल सुरू केली. विज्ञानाची आवड असलेल्या निवडक विद्यार्थ्यांना शहराचं पाणी शुद्ध करायचं केंद्र दाखवायला न्यायचं. सहल नेमकी चाचणीच्या दिवशीच निघते. आणि विज्ञानाची ही आवड नेमकी अशाच मुलांना असते ज्यांना गोल काळे करायला जमत नाही. जो आलाच नाही त्याला सरासरीत धरत नाहीत. दरवर्षी बस जाते, आणि दरवर्षी आपण तळाच्या जरा वर राहतो. मुलांना आपण मूर्ख समजतो, पण त्यांनी त्या बसचं नाव कधीच ठेवून टाकलंय: वजाबाकीची बस.

सहलीबरोबर दरवर्षी मीच जाते. मुलं माझ्या विनोदांवर हसतात, म्हणून. आणि कुणाला न्यायचं तेही मीच ठरवते. गणिताची बाई, मला वजाबाकी येते.

आता ऐक. रागावायचं असेल तर पाणी पिऊन रागाव.

यंदा मी निवांतचं नाव घातलं.

सरासरींनी नावं वाचली, तिच्या नावाशी थांबले आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, “बाई, ही तुमची भाची ना?” मी म्हटलं, “विज्ञानाची फार आवड आहे तिला.” त्यांनी सही केली. सही करताना ते खिडकीबाहेर बघतात, तशीच केली.

धाकट्या, मी हिशेब असा केला होता. तिला वाचता येतं, गणित येतं. पण प्रत्येक ओळीशी ती ओळख करून घेते, तिची विचारपूस करते, मग पुढे जाते. घंटा वाजेल तेव्हा अर्धा पेपर कोरा. म्हणजे नापास. म्हणजे तू घेऊन जाणार. पण ती सहलीला गेली तर निकालात काही लागतच नाही, आणि मी तुला सरळ कळवू शकते की त्या दिवशी ती शाळेच्या सहलीला होती. शाळा वाचली, पोर वाचली, आणि मला खोटंही बोलावं लागलं नाही. इतका सुबक हिशेब मी फळ्यावरसुद्धा कधी मांडलेला नाही.

केंद्रावरचा अभियंता दरवर्षी तेच बोलतो, त्याच जागी खोकतो. मोठ्या गोल टाकीच्या कठड्याशी उभं करून त्याने सांगितलं, “इथे पाणी संथ होतं. जड असेल ते तळाला बसतं, आणि वरचं निवळ पाणी पुढे जातं.”

शेवटच्या बाकावरच्या जुळ्या बहिणींपैकी एक म्हणाली, “सर, आम्ही तळाचे.”

सगळे खो खो हसले. मीही हसले, विनोद चांगला होता, माझाच वाटावा इतका. निवांत हसली नाही. ती टाकीत बघत होती. अभियंता पुढच्या टाकीकडे वळला, तेव्हा तिचा प्रश्न तयार झाला.

“तळाला बसतं त्याचं पुढे काय करता?”

“त्याचं?” तो म्हणाला. “खालची झडप उघडून सोडून देतो.”

बिचाऱ्याला काय ठाऊक तो कुणाशी बोलतोय.

मग आम्ही झाडाखाली डबे उघडले. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“आत्या, माझं नाव कोणी घातलं?”

“नावं ऑफिसात ठरतात.”

“ऑफिसात कोण असतं?”

“मुख्याध्यापक.”

“आणि?”

तिची एक खोड आहे, तुला आठवतच असेल. प्रश्न विचारून झाला की ती उत्तराची वाट बघते. आपण बाकीचे विचारतो आणि पुढच्या वाक्याला लागतो. ही खरंच थांबते. मी पोळीचा घास केला, तो पुरेसा चावला, पाणी प्यायले. ती थांबलेलीच.

“मी,” म्हटलं.

तिने डब्याचं झाकण लावलं. रडली वगैरे नाही. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. त्या कामात माझा हात बसलाय.

“बाबांना काय सांगणार होतीस?”

“तू सहलीला गेली होतीस म्हणून.”

“ते तर खरंच आहे.”

“म्हणूनच तर.”

तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “मी पेपरला बसले असते तर नापास झाले असते?”

“बहुतेक.”

“मग मला होऊ दे की.”

धाकट्या, इतकी वर्षं मी तोंडाळ म्हणून गाजलेय. शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर कुणी चहाला नावं ठेवत नाही. त्या एका वाक्यापुढे मात्र मी डबा मिटला. मी उठले आणि चालकाला म्हटलं, बस काढा, शाळेत जायचंय.

तो म्हणाला, “बाई, आपण कायम संध्याकाळी परततो. कुणाच्या पोटात दुखतंय का?”

“माझ्याच.”

बसमध्ये मी मुलांना सांगितलं: दुपारचा गणिताचा पेपर अजून व्हायचाय, ज्याला बसायचंय त्याने शाळेशी उतरायचं, ज्याला नाही त्याला घरी सोडू, कुणी काही बोलणार नाही. मग मागून आवाज आला, “बाई, पण पेन कुठाय?” कुणाकडेच नव्हतं. सहलीला पेन लागत नाही, आणि या सहलीला तर नाहीच नाही. वाटेत दुकानाशी बस थांबवून मी पेनं घेतली. दुकानदार म्हणाला, “एवढी?” मी म्हटलं, “उशिरा सुचलं.”

दोघं-तिघं घरी गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. बाकी सगळी फाटकाशी उतरली. सरासरी पायरीवर उभे होते.

“बाई, हे काय केलंत?”

“आपली उरलेली मुलं आणली.”

“अहो, यांचा सकाळचा पेपर गेला. दिवसभर आली नसती तर धरलीच नसती. आता दुपारी बसली की सकाळचं शून्य धरणार. प्रत्येकाचं!”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बघ. गणित शिकवते मी. सहलीला नेऊन सरासरी चोरायची होती तर नीट चोरायची, आणि चोरायची नव्हती तर सकाळीच बसवायचं. मी दोन्हीच्या मधला, सगळ्यांत महाग रस्ता शोधून काढला. मला वाटत होतं मी काहीतरी थोर करतेय, आणि प्रत्यक्षात बसभर शून्यं फाटकातून आत आणत होते.

सरासरींनी मुलांकडे बघितलं. हातात नवी पेनं, काही जणांनी टोपणं आधीच चावायला घेतलेली. त्यांनी मनात बेरीज केली असणार, भागाकारही. मग खिशातून किल्ली काढली, कपाटातून उरलेल्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि स्वतः एक बाक उचलून म्हणाले, “धरा त्या बाजूने. वर्ग कमी पडेल, व्हरांड्यात मांडू.” आम्ही दोघांनी बाक लावले. त्यांना धाप लागत होती. त्या दिवसापासून मी त्यांना सरासरी म्हणायचं सोडलंय. वरती म्हटलं ते सवयीने.

निकाल मागच्या आठवड्यात लागला. शाळा तळाला, आणि अशी तळाला की आमच्या वरच्या शाळेला आमच्यामुळे हुशार वाटत असेल. तपासणी अधिकारी आले. त्यांनी विचारलं, “इतक्या मुलांना सकाळी शून्य आणि दुपारी गुण, हे कसं?” मी तोंड उघडायच्या आत मुख्याध्यापक म्हणाले, “सहल माझ्या सहीने गेली.” मी म्हटलं, “नावं मी काढली.” ते म्हणाले, “बाई, तुम्ही थांबा.” मी म्हटलं, “सर, तुम्हीच थांबा.” अधिकाऱ्यांनी आळीपाळीने आमच्याकडे बघितलं, बसच्या तिकिटावरून दोघं भांडावीत तसं दोषावरून भांडताना त्यांनी कुणाला पाहिलं नसावं. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. सहल कायमची बंद. आणि पुढच्या वर्षीही तळाला राहिलो तर शाळा बंद. म्हणजे वर्ष आहे हातात. मुख्याध्यापक आणि मी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात मुलांना घेऊन बसतो. ते भाषा घेतात, मी गणित. माझे विनोद त्यांना कळत नाहीत, पण मुलांबरोबर हसतात.

आता तुझी ओळ.

निवांत नापास आहे. भाषेत शून्य, ते माझं. गणितात निम्मे गोल कोरे, ते तिचं; जे भरले त्यांतले बरेचसे बरोबर, पण बरेचसे म्हणजे पास नव्हे. मी तिचा पेपर चालू असताना व्हरांड्यातून जात होते. घंटा झाली, सगळे उठले, ती एका गोलाच्या कडेकडेने पेन फिरवत होती, बाहेर जाऊ नये म्हणून. तिला उठवायला माझ्याच्याने झालं नाही. मुख्याध्यापकांनी उठवलं, हळूच.

तुझी अट तू घातलीस आणि ती तिला पुरी करता आली नाही, कारण मी तिला अर्धा दिवस पेपरला बसूच दिलं नाही. म्हणून हे मागतेय: एक वर्ष राहू दे. तुझ्या दुकानात हात कमी पडतायत हे खोटं नाही, आणि तुझी कंबरही खोटी नाही, मला कळतं. तरीही न्यायचंच ठरवलंस तर पत्राने बोलावू नकोस. स्वतः ये आणि तिला विचार. फक्त एक कर: विचारून झालं की थांब. मध्ये बोलू नकोस, घड्याळ बघू नकोस. तिचं उत्तर येतं. मला त्याची वाट बघायला झाडाखाली बसावं लागलं, तुला निदान खुर्ची देईन.

आणि हो, गणवेश नवाच शिवावा लागेल.

तुझी,
ताई

ता. क. पत्र बंद करण्याआधी तिला वाचायला दिलं. तिच्याबद्दलचं तिच्या पाठीमागे पाठवायचं नाही असं आता ठरवलंय. दुपारचं जेवण झाल्यावर तिने वाचायला घेतलं आणि दिवे लागले तेव्हा संपवलं. शेवटच्या पानावरून तोंड वर करून म्हणाली, “आत्या, मी नापास झाले ते तू किती मागे लिहिलंयस.” मी म्हटलं, आता सगळं पुन्हा कोण लिहिणार? तिने काही न बोलता पाकीट ओढलं आणि त्याच्या पाठीवर, बाहेरच्या बाजूला, माझं पेन घेऊन एक-एक अक्षर लिहिलं: ‘बाबा, मी नापास झाले. पुढच्या वर्षी सकाळपासून बसणार आहे.’

म्हणजे पाकीट हातात पडल्या पडल्याच तुला सगळं कळलेलं असणार, आणि तुझ्या आधी पोस्टमनला. मी उगीचच इतकी पानं काळी केली.