दादाच्या तोंडची माफी

रत्नागिरी, ३ जानेवारी २०२४

ती. मथुरावहिनीस,
सा. न. वि. वि.

टाइप केलेली कादंबरी एसटी पार्सलने पाठवली आहे. जीव थाऱ्यावर नाही गं, आज परत दूध उतू गेलं. बाईने बाईच्याच तोंडून लिहावं, असं कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात. पण दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा ‘दादा, तुझं सांगायचं राहिलेलं मी लिहीन’ असं मीच पिंडापुढे बोलले आणि तो शिवला, आठवतं ना? म्हणून कादंबरीतला ‘मी’ म्हणजे आपला रघूदादा. बायकोला वेळणेश्वरला टाकून मुंबईत दुसरीबरोबर राहिलेला आणि आजारी पडल्यावर परत आलेला. शेवटी तो तुझा हात धरून माफी मागतो. प्रकाशकांना तेच पान सगळ्यात आवडलंय. तू हो म्हटल्याशिवाय मात्र छापायला देणार नाही. लवकर कळव.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी नणंद,
दर्शना

वेळणेश्वर, ११ जानेवारी

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू आधी रडतेस आणि माझं सांगायचं राहतं, म्हणून लिहितेय. आंब्याला मोहोर बरा आहे, तुडतुडा लागला नाही म्हणजे मिळवलं.

बाई गं, काय हुबेहूब उतरवलायस! माझ्या कालवणाला नावं ठेवायची आणि भात मात्र परत मागायचा. हसले मी. यांच्या मनात माझ्याबद्दल एवढं काही चालत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग ते माफीचं पान आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. कावळ्याचं म्हणशील तर तो मेला भुकेला होता. तुझ्या दादाने अख्खा पावसाळा अंथरुणावर काढला. मी भरवलं, पुसलं. आज बोलतील, उद्या बोलतील, म्हणून वाट बघितली. पेज गार झाली हे सांगायला तोंड होतं, तेवढं एक बोलायला नव्हतं. आता लोक वाचून म्हणतील, बिचारा, शेवटी किती भला निघाला! दादाच्या तोंडून खुशाल बोल, तुझा भाऊ आहे. पण त्यांनी न मागितलेली माफी त्यांच्या नावावर घालू नकोस. मी अजून माफ केलेलं नाही.

लोभ आहे, म्हणूनच फटकन लिहिलं.

तुझी वहिनी,
मथुरा

रत्नागिरी, १७ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. खरं सांगू? ती माफी मी तुझ्यासाठी लिहिलीच नव्हती. मला माझा भाऊ चांगला हवा होता.

पान काढलं. शेवट अर्धवट वाटतो म्हणून प्रकाशक कुरकुरतायत, कुरकुरू देत. आता तू उशाशी बसून राहतेस आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. तेवढं लिहिलं आणि टेबलावर डोकं ठेवून बसले. वहिनी, दादाचा एवढा राग मला आजवर कधी आला नव्हता.

शिमग्याला येते. तोवर लोभ राहू दे.

तुझी,
दर्शना