साच्यांच्या यादीवरचा माझा शिक्का

प्रिय चिझुरू,

तुझी बातमी कळल्यापासून मी गल्लीभर सांगत सुटलेय. तोफूवाला तर म्हणाला, आजी, हे तुम्ही कालच सांगितलंत. सांगितलं असेल. कारखान्याची सगळी माहिती एका जागी आणायची योजना माझी नात आखणार, ही काय साधी गोष्ट आहे? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आनंद व्हायला कळावं कशाला लागतं!

आमच्या कावागुचीच्या ओतशाळेतही एकदा असं ठरलं होतं. कुसाका साहेब म्हणून तरणे गृहस्थ होते, टोपी कायम वाकडी. साच्यांच्या कोठीत मी एकटी. नऊशे लाकडी साचे, पंपाचे, झाकणांचे, चाकांचे; कुठला कुठं ते मी रंगीत दोरे बांधून ध्यानात ठेवायची. बरं, मुळ्याचं लोणचं पोचलं का? यंदा जरा कडवट झालंय. तर साहेबांनी दोरे काढून चिठ्ठ्या लावल्या, कॉम्प्युटरात यादी केली. योजनेचा कागद रीतीप्रमाणे टेबलाटेबलावरून फिरला, सगळ्यांनी न वाचताच संमतीचे आपापल्या नावाचे शिक्के उठवले. माझ्याकडे मात्र साहेब स्वतः आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मावशी, अडचण वाटत असेल तर आत्ताच सांगा. अजून बदलता येईल."

मी म्हटलं, काही अडचण नाही. आणि शिक्का मारला.

परत आलेले साचे मी आपल्या अंदाजानंच ठेवत गेले. सहा महिन्यांत यादी एक सांगायची, फळीवर दुसरंच असायचं. शेवटी यादी बघून भलताच साचा ओतायला गेला आणि आठवडाभराचं ओतकाम भंगारात. सगळे म्हणाले, योजनाच टाकाऊ. साहेब कमरेत वाकून माफी मागत राहिले. मी तिथंच चहा देत होते. वसंतात त्यांनी नोकरी सोडली.

चिझुरू, मला त्या चिठ्ठ्या वाचताच येत नव्हत्या. लढाईत शाळा सुटली ती सुटलीच. हे पत्र लिहितेय ती साधी अक्षरंही मी साठीनंतर रात्रशाळेत शिकले. तुझ्या आजोबांनाही कधी कळू दिलं नाही. साहेबांना लिहायचं धाडस केलं, तर त्यांच्या मुलीचं उत्तर आलं, ते गेल्याला दोन वर्षं झाली. म्हणून आता तुला लिहितेय. तुझाही कागद फिरेल, शिक्के सगळे मिळतील. तेवढ्यावर जाऊ नकोस. कोठीतल्या बाईशेजारी चार दिवस उभी राहा, तिचे हात बघ. विचारलंस तर ती सांगायची नाही.

तुझीच,
फुमिए आजी