दळवाईच्या तुऱ्यावरचं रक्त

येलवाल,
सोमवार, २० जानेवारी २०२५

ती. भागीरथीआत्यांस,
तरुणचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे गल्लीभर ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. तुमच्या शेजारच्या भव्याचा कोंबडा, आपला दळवाई, आज पुन्हा रक्तबंबाळ. तुरा फाटलाय. तिसरा सोमवार हा! तिकडे शहरात तिच्या गच्चीवर आरवतो म्हणून लोकांनी तक्रार केली, तेव्हा मोठ्या विश्वासानं तिनं माझ्याकडे ठेवला. आणि दर रविवारी इथं कोण येतं? तिच्या हेब्बाळच्या कंपनीतला तो पुनीत, तिला स्कूटरवर मागे बसवून. वर कोंबड्यांसाठी दाण्याची पुडी आणतो. कुणी सांगितलं होतं याला? पुडी मी हुंगून पाहिली, वास कसलाच नाही. तेच तर संशयाचं.

माझ्याकडून कसूर नाही. इथं गावातल्या तुमच्या परसातल्या काळ्या आणि खंड्या या दोन कोंबड्यांच्या धुळीत दळवाई मळतो, म्हणून गुरुवारीच मी त्याला खोलीत घेतो. शेंगदाणे चारतो. रविवारी शांपूनं न्हाऊ घालतो, तुऱ्याला खोबरेल लावतो. भव्या बघून गेली की परसात सोडतो, आणि सोमवारी उजाडलं की हे असं.

काल तिनं खपल्या पाहिल्या. पुन्हा दिसल्या तर कोंबडा हुणसूरला मामाकडे नेईन म्हणाली. तो गेला तर ती इथं येईल कशाला, आत्या? कॉलेज सोडलेल्याला भेटायला? मी पुनीतच्या स्कूटरची हवा सोडली. मेन रोडपर्यंत ढकलत नेली त्यानं. भव्यालाही चालावं लागलं, तेवढं चुकलं.

तुमच्या मायेवर जगणारा,
तरुण

•

कुवेंपुनगर,
गुरुवार, २३ जानेवारी

चि. तरुण यास,
अ. उ. आ.

अय्यो, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, अक्कलही तिथल्याच बाकावर विसरून आलास काय? पुनीतची पुडी हुंगतोस, एवढं नाक अभ्यासात खुपसलं असतंस तर आज चौथं सेमिस्टर पार पडलं असतं.

मला एक सांग. रविवारी दळवाईला सोडल्यावर तू तिथं थांबून कधी बघितलंस काय? नाही. तू गेटकडे बघत उभा असणार, स्कूटर वळेपर्यंत. या खेपेला गेटकडे पाठ कर. दाण्यावर पहिली चोच कुणाची पडते ते बघ, आणि काळ्यावर डोळा ठेव. चाळीस वर्षं त्या परसात मी दाणे टाकले, उगीच सांगत नाही.

पुनीतच्या अंगाला हात लावायचा नाही. गुडघ्याच्या उपचारासाठी इथं शहरात येऊन राहिले, आता बरं आहे. अंडी पाठवताना भुसा जास्त घाल, मागच्या खेपेला तीन फुटली.

तुझं भलं चिंतणारी,
आत्या

•

येलवाल,
सोमवार, २७ जानेवारी

ती. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगतो, तुमचं पत्र वाचून तुमच्यावरही संशय आला. वाटलं, पुनीतनं तुम्हाला म्हैसूरपाक देऊन फितवलं. पत्र मिळेतोवर गुरुवार उलटून दळवाई खोलीत गेलाच होता. काल पुनीत आलाच नाही. भव्या एकटी बसनं आली. मी हरखलो, आणि तिच्यासमोरच दळवाईला परसात सोडला, चकाचक, तेल लावलेला.

तो ऐटीत दाण्याकडे गेला. काळ्यानं मान फुलवली, जणू हा कोण परका! आणि झेप घेऊन तुराच धरला. मागून खंड्या. ज्या कोंबड्या त्याच्यामागे फिरायच्या त्यांनीही चोची मारल्या. पुनीत सात मैलांवर, आणि रक्त माझ्या पायांपाशी.

भव्यानं विचारलं, किती दिवस आत होता. मी म्हटलं, चार. म्हणाली, चार दिवसांत त्याची गादी गेली, आणि दर आठवड्याला तू त्याला नव्यानं मार खायला पाठवतोस. मग स्कूटरच्या हवेबद्दल विचारलं. तेही मीच, म्हटलं.

हुणसूरला नेण्यासाठी आणलेली टोपली तिच्या पायाशी होती. मग हळद लावून दळवाईला तिनं पुन्हा त्यांच्यातच सोडला. त्यांच्यात सगळ्यांच्या खालच्या पायरीवर राहील, पण राहील, म्हणाली. पुन्हा खोलीत नेलास तर मीही येणार नाही. पुढच्या रविवारी पुनीत सोडायला येईल, चालेल ना, असंही विचारलं.

दात आवळूनच, पण चालेल म्हटलं.

रागावा, पण पत्र बंद करू नका.

आपला,
तरुण