आताच्या हाताचं माप

प्रिय दादा,

तू पाठवलेला चाकू परत पाठवतेय. रागावू नकोस असं लिहिणार होते, पण खुशाल रागाव. पाच महिने फोनवर माझ्याशी असा हळू आवाजात बोलतोयस, जणू मी काचेची आहे. त्यापेक्षा एकदा पूर्वीसारखा खेकसलास तर मला बरं वाटेल.

चाकू देखणा आहे, त्यात वाद नाही. पात्यात तोंड दिसतंय, मूठ घासून घासून गुळगुळीत केली आहेस आणि पोटात चौदा अवजारं. पण हातात घेतला आणि माझं डोकंच सणकलं. मुठीला खालून चार बोटांसाठी चार खाचा, अगदी मोजूनमापून. दादा, माझ्या उजव्या हाताला अंगठा धरून तीन बोटं उरलीत. दोन खाचा रिकाम्या राहिल्या. आधी वाटलं, थट्टा करतोयस की काय. मग ध्यानात आलं, तू माप घेतलंस ते भट्टीजवळच्या खुंटीवर टांगलेल्या माझ्या जुन्या हातमोज्यावरून. हात बघायला यायचं तुला जमलं नाही, म्हणून हातमोजा बघितलास. अरे, कारखान्यापासून माझं घर चालत वीस मिनिटांवर आहे!

आणि दुसरी गोष्ट. कारखान्यातलं माझं कामाचं टेबल भिंतीकडे सरकवून त्यावर लेबलं चिकटवायचं मशीन ठेवलंय म्हणे. वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला ठाऊक आहे. खिडकीजवळ गादीची खुर्चीही टाकलीस म्हणे माझ्यासाठी, फोन घ्यायला. मला फोनवर बसवणार? मला? गिऱ्हाईकाने तिसऱ्यांदा तेच विचारलं की मी काय बोलते ते तू ऐकलंयस. चार दिवसांत कारखान्याला कुलूप लागेल. ते मशीन उचल. टेबल माझं आहे, ते अप्पांनी मला लाडाने दिलेलं नाही, मी मिळवलंय.

कसं मिळवलं ते विसरला असशील तर सांगते. आपल्या कारखान्यात कुणालाही स्वतःचं टेबल हवं असेल तर त्याने आधी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हातासाठी खिशातला चाकू बनवायचा. अप्पा डोळ्यांवर फडकं बांधून बसायचे. चाकू हातात घ्यायचे, प्रत्येक अवजार दहा वेळा उघडमीट करायचे आणि मग तो कुणाचा ते ओळखायचे. ओळखता आला नाही, तर चाकू कितीही चांगला असला तरी परत, कारण तो कुणासाठीच बनलेला नाही. तुझा पहिला चाकू त्यांनी असाच परत केला होता. कॅटलॉगमधून उतरवला होतास, पठ्ठ्या! दोन दिवस जेवला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी माझ्याही वाटणीचं जेवलास. माझा त्यांनी चौथ्याच उघडझापीला ओळखला, कारण त्याची स्प्रिंग इतकी कडक होती की एवढा हट्ट घरात दुसऱ्या कुणाचा नव्हताच. त्याच दिवशी मला टेबल मिळालं. मी एकोणीस वर्षांची होते.

आता माझी बातमी. तुझा चाकू आला त्याच दिवशी मी माझा नवा बनवायला घेतला, तो आता झालाय. आमच्या ह्यांनी जेवायच्या टेबलावर लोखंड आवळून धरायचा व्हाइस बसवू दिला आणि स्वतः दीड महिना मांडीवर ताट घेऊन जेवले. तक्रार केली ती फक्त साबणाची. मुठीचे नमुने मी अंघोळीच्या साबणावर कोरत होते आणि घरात अंगाला लावायला नुसते तुकडे उरायचे. अकरा साबण गेले. पहिल्या आठवड्यात तर कानसही हातात ठरेना, डाव्या हाताने घासायचं म्हटलं की रेघ भलतीकडे जायची. रडले, खोटं कशाला बोलू? रडून झालं की पुन्हा साबण घ्यायचा, असं चाललं होतं.

अवजारं ठरवताना भिंतीवर कागद चिकटवला. शेजाऱ्यांची कुलपं, मिक्सर, खुर्च्या, जे येईल ते दुरुस्तीला घेतलं आणि जे अवजार हातात धरलं त्याच्यापुढे एक रेघ मारत गेले. पंधरा दिवसांनी बघते तर पाच अवजारांपुढेच काय त्या रेघा: पातं, दोन स्क्रूड्रायव्हर, टोचा आणि छोटी कानस. तुझ्या चौदांमधल्या बूच काढायच्या स्क्रूपुढे एकही नाही. आपल्या घरात बूच लावलेली बाटली शेवटची कधी आली होती, सांग बरं? नऊ अवजारं काढून टाकली आणि चाकू निम्म्याने हलका झाला.

पातं जुन्या करवतीतून कापलं. नखाने उघडायची खाच ठेवली नाही, कारण त्याला दुसरा हात लागतो आणि माझा दुसरा हात काम धरून बसलेला असतो. त्याऐवजी पात्याला गोल भोक पाडलं, अंगठ्याने ढकललं की उघडतं आणि अडकून बसतं. पहिला चाकू खिशातच उघडला, ॲप्रन फाटला, मांडी थोडक्यात वाचली. दुसऱ्याची स्प्रिंग माझ्या जुन्या सवयीने कडक झाली, अंगठा सुजला. तिसरा जमला. मुठीसाठी माझ्याच जुन्या हातोडीचा दांडा कापला. जिथे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असायचं, तिथे लाकूड जाड ठेवलंय. ते सरळ तळव्यात टेकतं, त्यामुळे पकड सुटत नाही. तासभर सलग काम केलं तरी हात दुखत नाही. कालच पोटमाळ्याच्या दाराची बिजागरी बसवली, एकटीने.

आता आपण दोघंही जे बोलत नाही ते बोलते. त्या दिवशी पत्रा कापायच्या प्रेसच्या पॅडलवर पाय तुझा होता. पण माल आजच्या आज जायला हवा म्हणून हात आत जाऊ नये म्हणून लावलेली पुढची जाळी काढ, असं मी सांगितलं होतं. तू नको म्हणालास, मी तुला भित्रा म्हणाले. चूक माझी, हे मी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगितलं, तुझ्यापाशी मात्र कबूल केलं नाही. पहिले दोन महिने मी तुला मनातल्या मनात लाखोली वाहिली, कारण स्वतःला वाहणं फार जड जात होतं. ते संपलं. बोटांचा हिशेब मी तुझ्याकडे मागत नाही आणि तूही गादीची खुर्ची टाकून तो चुकता करू नकोस. माझ्या हाताला मी घाबरत नाही. तू का घाबरतोस?

तर पत्र लिहिण्याचं कारण. सोबतच्या दुसऱ्या डब्यात माझा नवा चाकू आहे. अप्पा नाहीत, म्हणून तपासणी आता तुझ्याकडे. सोमवारी सकाळी आठला मी कारखान्यात येतेय. सगळ्यांसमोर डोळ्यांवर फडकं बांधून बस आणि प्रत्येक अवजार दहा वेळा उघड. पाचही बोटांनी धरशील तर मूठ टोचेल, आधीच सांगते. शेवटची दोन बोटं तुला उचलून बाजूला ठेवावी लागतील, तेव्हाच ती हातात बसेल. घाई करू नकोस, तशीच धरून ठेव थोडा वेळ. आणि मग मोठ्याने सांग, हा हात कुणाचा.

लहानपणी तुझा शर्ट धरला की सोडायची नाही, आणि अजूनही सोडत नाही,
ती तुझीच,
पक्कड